मदत हवी आहे – लेक सेमिस्टरसाठी पुण्यात, आम्ही न्यू जर्सीत

नमस्कार मंडळी, माझी लेक इथेच जन्मलेली, अमेरिकन पासपोर्टवाली, जुलैपासून एका सेमिस्टरसाठी पुण्याला चाललीये. स्टुडंट व्हिसा आलाय. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त असला की पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी ऑफिस) रजिस्ट्रेशन करावं लागतं, तिचा तसाच आहे, तर ऑनलाइन अर्जाला हॉस्टेलचं पत्र चालतं की भाडेकरार मागतात? नुकतंच कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

दुसरं म्हणजे सिम. इथला नंबर बंद केला तर इथल्या बँकेचे ओटीपी कुठे येणार, आणि तिकडे रिक्षापासून भाजीपर्यंत सगळं यूपीआयवर, मग तिने पहिले काही दिवस काय करायचं?

आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त जीव माझ्या सासूबाईंचा अडकलाय. त्या मूळच्या पुण्याच्याच, आता इथे आमच्याकडे, ८१ वर्षांच्या, प्रवास होत नाही. नातीने रोज एक फोटो पाठवायचा असं ठरलंय, डेक्कन, तुळशीबाग, जे दिसेल ते. पण आत्ता साडेनऊ तासांचा फरक, नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की साडेदहा, तर कॉलेज सांभाळून आजीशी निवांत बोलता येईल अशी वेळ तुम्ही कोणती ठेवली होती?