मदत हवी आहे: ग्रॅव्हिमेट्रिकमध्ये उत्तर दरवेळी कमीच येतंय

सोनचाफा
लवकर उत्तर हवंय. ग्रॅव्हिमेट्रिकचं, म्हणजे द्रावणातला पदार्थ घन साक्याच्या रूपात खाली पाडून त्याच्या वजनावरून प्रमाण काढायचं, प्रॅक्टिकल करतेय, सॅम्पल माहितीतलं आहे, 67.6 टक्के यायला हवं आणि येतं 64-65 च्या आसपास. सगळं पुस्तकात दिलंय तसंच केलं, साका पाडला, गाळला, धुतला, जाळला, वजन केलं. हिशेब मैत्रिणीकडूनही तपासून घेतला, तो बरोबर आहे. कुठे गळतंय तेच कळत नाही. उद्या परत लावायचंय, कुणीतरी नेमकं सांगा प्लीज.

गारगोटी
अगं पण कसलं ग्रॅव्हिमेट्रिक? बेरियम सल्फेट, सिल्व्हर क्लोराइड, निकेल डीएमजी, प्रत्येक साक्याची दुखणी वेगळी. 67.6 वरून मला निर्जल सोडियम सल्फेटमधलं सल्फेट वाटतंय (रेणुभार 96.06 भागिले 142.04), बरोबर का? फिल्टर पेपर कुठला? खाली आलेलं पाणी गढूळ होतं का? साका पाडायला बेरियम क्लोराइड टाकताना द्रावण गरम होतं का गार? रिकामी क्रुसिबल (साका जाळायची मूस) कॉन्स्टंट वेटला, म्हणजे परत परत तापवून वजन बदलेनासं होईपर्यंत, आणली होतीस का? आणि टक्के नकोत, वजनं दे.

पाणकावळा
सल्फेट असेल तर आयन क्रोमॅटोग्राफीवर (आयन वेगळे करून मोजणारं यंत्र) टाका, काही मिनिटांत उत्तर. आम्ही पाण्यातलं सल्फेट त्यावरच काढतो. भट्टी, डेसिकेटर (कोरडं ठेवणारं बंद भांडं), परत परत वजन, एवढा खटाटोप आता कोण करतं.

गारगोटी
पाणकावळा, तिचं प्रॅक्टिकल ग्रॅव्हिमेट्रिकचं आहे, तिला ते यंत्र कोण देणार. आणि तुमच्या यंत्राला कॅलिब्रेशनसाठी स्टँडर्ड द्रावणं लागतातच, इथे तराजू आणि अणुभार एवढ्यावर भागतं. पद्धत जुनी आहे म्हणून ती कच्ची ठरत नाही.

मावळतीचा_वारा
हो ना. थिओडोर रिचर्ड्सना 1914 चं केमिस्ट्रीचं नोबेल अणुभार अचूक काढल्याबद्दल मिळालं, आणि त्यातलं बरंच काम सिल्व्हर क्लोराइड, सिल्व्हर ब्रोमाइड असे साके पाडून तोलण्यावरच उभं होतं. गाळणीतून निसटलेला बारीक साका मोजता यावा म्हणून त्यांनी नेफेलोमीटर (द्रावणाचा गढूळपणा मोजणारं यंत्र) वापरात आणला. सिल्व्हर क्लोराइडवरून आठवलं, ते उजेडात ठेवू नका, जांभळट पडतं. आणि नुसत्या पाण्याने धुवू नका, साका परत कोलॉइड (अतिसूक्ष्म तरंगते कण) होऊन पेपरमधून निघून जातो, पाण्यात थोडं नायट्रिक ॲसिड हवंच.

सोनचाफा
सिल्व्हरचं नाहीये हो! बेरियम सल्फेटच आहे. 0.3000 ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट घेतलं, 0.4929 यायला हवं, आलं 0.4716. पेपर व्हॉटमन 41. गरमच टाकलं. क्रुसिबल कॉन्स्टंट केली होती.

कुतूहल
सोडियम सल्फेट नक्की निर्जल होतं ना? ते ओलावा धरतं. बाटली दहा पाण्याची (स्फटिकात पाण्याचे दहा रेणू असलेली) तर नाही?

गारगोटी
दहा पाण्याचं असतं तर 0.3 ग्रॅममधून जेमतेम 0.217 साका पडला असता, म्हणजे अर्ध्याहून कमी. तेव्हा ते नाही. थोडा ओलावा असू शकतो, 110 अंशाला सुकवून डेसिकेटरमध्ये गार करून मगच तोल.

पण 41?! तो भराभर गाळायचा पेपर, जिलेटिनसारख्या मोठ्या साक्यासाठी, फेरिक हायड्रॉक्साइड वगैरे. बेरियम सल्फेटच्या बारीक कणांना 42 लागतो. आणि साका लगेच गाळलास का?

सोनचाफा
थोडा वेळ ठेवला होता. खालचं पाणी अगदी हलकं धुरकट वाटलं, पण स्वच्छच म्हणता येईल.

पाणकावळा
रात्रभर ठेवायचं. कुठलाही साका रात्रभर ठेवावा, कण मोठे होतात, अशुद्धी सुटते. हा नियमच आहे.

मावळतीचा_वारा
कुठलाही नाही. मॅग्नेशियम असताना कॅल्शियम ऑक्झलेट रात्रभर ठेवलंत तर वरून मॅग्नेशियम ऑक्झलेट येऊन बसतं आणि वजन फुगतं. तिथे लवकर गाळावं लागतं. बेरियम सल्फेटला तुमचं म्हणणं चालेल, वॉटर बाथवर गरम ठेवलं तरी पुरतं.

पाणकावळा
प्रश्न बेरियमचा आहे, मी बेरियमचंच बोलत होतो.

आठवीचा_पालक
मिश्रणं वेगळी करण्याचा धागा दिसला म्हणून विचारतो, मीठ, वाळू आणि नवसागर एकत्र दिलेत, मुलाला क्रम कळत नाहीये.

कुतूहल
आधी तापवून नवसागर उडवा, वर उलट्या धरलेल्या गार फनेलवर पांढरा थर जमतो. मग पाणी घाला, मीठ विरघळेल, वाळू गाळून घ्या, गाळलेलं पाणी आटवा. नवसागर आधी काढला नाहीत तर तो मिठाबरोबरच पाण्यात जाईल, क्रम एवढ्यासाठीच.

सोनचाफा
माझ्या प्रश्नाचं काय? सरांचं म्हणणं जास्त धुतल्यामुळे विरघळलं.

गारगोटी
धुण्याने एवढं जात नाही. एक लिटर पाण्यात बेरियम सल्फेट विरघळतं सुमारे अडीच मिलिग्रॅम. 200 मिली पाण्याने धुतलंस तरी अर्धा मिलिग्रॅम. तुझी तूट 21 मिलिग्रॅमची आहे, तेव्हा क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेटची टेस्ट निगेटिव्ह येईपर्यंत बिनधास्त धू. पेपरमधून काही गेलं असेल, पण हलक्या धुरकटीत 21 मिलिग्रॅम बसेल असं वाटत नाही. आता हे सांग, जाळलास कसा? आणि शेवटी साक्याचा रंग कसला होता?

सोनचाफा
पेपर घडी घालून क्रुसिबलमध्ये ठेवला, झाकण लावलं आणि 800 अंशाला मफल भट्टीत. रंग पांढराच, खाली जरा करडा.

गारगोटी
हे बघ, इथे आहे. ओला पेपर झाकण लावून थेट 800 ला गेला, आत हवा नाही, पेपरचा कोळसा झाला आणि त्या कोळशाने ऑक्सिजन ओढून सल्फेटचं सल्फाइड केलं. बेरियम सल्फेटचा रेणुभार 233.39, बेरियम सल्फाइडचा 169.39, म्हणून वजन घटतं.

कुतूहल
करडा म्हणजे न जळलेला कोळसा असेल ना, ताई?

गारगोटी
नुसता कोळसा असता तर वजन वाढलं असतं. इथे करडंही आहे आणि कमीही आहे. सोनचाफा, साका अजून असेल तर टाकू नकोस. फ्युमहूडमध्ये (वायू बाहेर ओढणारं कपाट) क्रुसिबल पूर्ण गार असताना त्यावर पातळ सल्फ्युरिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाक, सडक्या अंड्यासारखा वास आला तर सल्फाइडच. वाकून हुंगू नकोस, तो वायू विषारी आहे. ॲसिडने सल्फाइडचं परत सल्फेट होतं. मग मंद आचेवर, अगदी सावकाश, पांढरा धूर संपेपर्यंत ॲसिड उडव, घाई केलीस तर साका बाहेर उडेल. त्यानंतर 800 ला ठेव, डेसिकेटरमध्ये गार कर आणि तोल. गरम क्रुसिबल तराजूवर ठेवू नकोस, वर चढणारी हवा तिला उचलते आणि वजन कमी दाखवते.

उद्या नव्याने लावशील तेव्हा झाकण तिरकं ठेव, आधी सुकव, मग मंद आचेवर पेपर काळा होऊ दे, पेट घेऊ देऊ नकोस, काळेपणा गेला की मगच आच वाढव.

सोनचाफा
ताई, वास आला!! आत्ता परत तोललं, 0.4909. रंगही पांढराशुभ्र झालाय. उरलेले 2 मिलिग्रॅम कुठे गेले?

मावळतीचा_वारा
काही 41 मधून गेले असतील. शिवाय साक्यात थोडं सोडियम सल्फेट अडकतं, म्हणजे त्यातलं सल्फेट बेरियमऐवजी हलक्या सोडियमच्या जोडीने तोललं जातं, म्हणून वजन कमी. बेरियम क्लोराइड पातळ आणि गरम करून, ढवळत, थेंबाथेंबाने टाक, आणि द्रावणात आधी थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड.

सोनचाफा
थोडं म्हणजे किती? आमच्या मॅन्युअलमध्ये नुसतं "ॲसिडिफाय करा" आहे.

गारगोटी
पूर्ण द्रावणात ॲसिड 0.05 मोलरच्या (लिटरला 0.05 मोल) आसपास होईल एवढं. खूप ओतलंस तर साका जास्त विरघळतो. आणि 42 चा पेपर आजच मागून ठेव.