‘एवढ्या लांब कोण राहायला जातं?’ : वाढतं पुणे आणि आपला हिशोब (अनुभव धागा)

१९८६ साली बाबांनी कोथरूडला वन रूम किचन घेतलं तेव्हा नारायण पेठेतल्या आत्यानं विचारलं होतं, "एवढ्या लांब? रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर रिक्षा तरी येईल का तिकडे?" घर ९० हजारांचं. आत्याच्या मते ते पैसे पाण्यात गेले. आज त्याच इमारतीत रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू आहेत. शेजारी भाड्यानं राहणारं तरुण जोडपं परवा विचारत होतं, "काका, आम्हाला याच भागात घ्यायचं झालं तर?" दोघांचे पगार मला माहीत आहेत. मी चहा टाकायला आत गेलो.

२००१ च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत २५ लाख माणसं होती, २०११ ला ३१ लाख. पिंपरी-चिंचवड त्याच दहा वर्षांत दहा लाखांवरून सतरावर गेलं. पुढे २०२१ ला मोजणी झालीच नाही, पण संध्याकाळी सात वाजता चांदणी चौकात उभं राहिलं की अंदाज येतो.

तर हा धागा. चौरस फुटाचे दर देऊ नका, ते जाहिरातीत असतात. या शहरात राहायची खरी किंमत तुम्ही कशात मोजता, भाड्यात, वेळेत, पाण्यात की माणसांत? आकडे द्या. ‘पूर्वीचं पुणं राहिलं नाही’ एवढंच लिहायचं असेल तर कृपया नका लिहू, ते आम्ही रोज एकमेकांना सांगतोच. आणि एवढं असून इथेच का राहिलात, तेही सांगा.

मारुंजी, आयटीवाला

मी लातूरचा. २००६ ला आलो. वाकडला तिघांत टू बीएचके, भाडं सहा हजार, म्हणजे माणशी दोन. कंपनीच्या बसनं हिंजवडी पंधरा मिनिटं. रात्री चौकात एक भुर्जीची गाडी, बाकी अंधार. आई पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "हे पुणं हाय? आपल्या गावात ह्याच्यापेक्षा जास्त लाइटी हैत."

२०२० मध्ये स्टॅम्प ड्यूटी काही महिने कमी केली होती, त्या गडबडीत डिसेंबरात मारुंजीत फ्लॅट घेतला. ऑफिस सहा किलोमीटर. सकाळी साडेसातला निघालो तर वीस मिनिटं, साडेआठला निघालो तर पन्नास. म्हणून मी साडेसातला निघतो आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच झोपतो. असे आम्ही पाच-सहा जण आहोत, आता एकमेकांना हात करतो.

पाण्याचं सविस्तर सांगतो, कारण दोन वर्षं सोसायटीचा खजिनदार होतो. आमचे २४० फ्लॅट. उन्हाळ्यात बोअर आटली की दिवसाला बारा टँकर. एक टँकर दहा हजार लिटरचा, हजार-अकराशे रुपये. महिन्याला पावणेचार लाखांच्या आसपास. २४० नं भागा, घरटी दीड हजार. मेंटेनन्स ४,२०० त्यात हे दीड हजार. हा आकडा फ्लॅट दाखवताना कुणी सांगत नाही. तिथे सांगतात स्विमिंग पूल आहे. आहे, पण तो भरायचा की नाही यावर दर मार्चमध्ये आमच्याकडे भांडण होतं. बिल्डरनं ‘पाण्याची व्यवस्था आम्ही करू’ असं लिहून दिलेलं होतं. सोसायटी आमच्या ताब्यात दिली आणि तो पुढच्या प्रोजेक्टवर गेला. टँकरवाल्याला आम्ही दर महिन्याला वेळेवर पैसे देतो, कारण त्याच्याशी वाकडं घ्यायची कुणाची हिंमत नाही.

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. तेव्हा इथले मित्र फोन करून करून हळहळायचे. आता तेच मित्र सकाळी सहाला ग्रुपवर विचारतात, ‘टँकर आला का?’

का राहिलो? नोकरी. दुसरं असं की मुलीला इथे कुणी आडनाव विचारत नाही. म्हणजे विचारतात, पण गावाकडे विचारतात तसं नाही.

सदाशिव पेठ, निवृत्त कारकून

आमच्या वाड्यात सोळा बिऱ्हाडं होती. दोन खोल्यांचं भाडं ४२ रुपये. मालक स्वतः पावती द्यायला यायचे आणि चहा पिऊन जायचे. बाकीच्या पंधरा बिऱ्हाडांतही चहा व्हायचाच, तेव्हा त्यांना वाड्यातून मिळकत म्हणाल तर तेवढीच. वाड्याची भिंत पडली तर दुरुस्ती कुणी करायची यावर वीस वर्षं वाद. मालकाला परवडत नव्हतं, आम्हाला करायची नव्हती. आमचीही चूक होती हे आता कबूल करायला हरकत नाही.

२०१४ ला वाडा पाडला, बिल्डिंग उठली. मला पाचव्या मजल्यावर ३१० चौरस फूट, मालकी हक्कानं. सगळे म्हणतात लॉटरी लागली. लॉटरीचा मेंटेनन्स २,८०० आहे आणि माझी पेन्शन १४ हजार. घर विकलं तर मी श्रीमंत, राहिलो तर महिनाअखेरीस दूध मोजून. वाड्यात सोळा बिऱ्हाडांत मिळून सहा सायकली आणि एक लूना. आता तीस फ्लॅटांच्या पन्नास गाड्या. खालची गल्ली मात्र होती तेवढीच आहे.

तरी हलणार नाही. मंडई, डॉक्टर, लायब्ररी सगळं पायी. २०२४ च्या सप्टेंबरात मंडईचं भुयारी स्टेशन सुरू झाल्यापासून मुलीकडे पिंपरीला मेट्रोनं बसून जातो, आरामात. रिक्षावाल्याशी वाद घालायची सवय मोडली, त्याची मात्र चुटपुट लागते.

बालेवाडी, मूळ गावकरी

वरचे सगळे वाचले. आमच्यासारख्यांना तुम्ही लोक ‘गुंठामंत्री’ म्हणून हसता, ते माहितीये. ऐका मग.

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी इथं स्टेडियम झालं. आज्याला वाटलं, चला, बैलगाडीला रस्ता चांगला झाला. त्याला पुढचं दिसलं नाही, आणि कुणालाच दिसलं नव्हतं. चुलत्यानं १९९६ ला अकरा गुंठं विकलं. त्यातून बहिणीचं लग्न, एक बुलेट आणि घरावर स्लॅब. दहा वर्षांनी त्याच अकरा गुंठ्यांत सात मजली इमारत. चुलता तिथंच वॉचमन होता. हे मी गोष्ट म्हणून सांगत नाही, त्यानं चार वर्षं ती नोकरी केली. रात्री फेरी मारताना सांगायचा, ‘इथं विहीर होती, पार्किंगच्या खाली.’

हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी शहाणपणा केला. शंभरावर कुटुंबांनी ४०० एकर एकत्र ठेवून स्वतःच टाउनशिप काढली, जमीन विकून मोकळे झाले नाहीत, कंपनीत भागीदार झाले. आमच्याकडं एका सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली चार एकमेकांशी बोलत नव्हती. कसली टाउनशिप काढणार?

माझ्याकडं राहिलेल्या तीन गुंठ्यांत दहा खोल्या बांधल्यात. भाडं येतं, खोटं कशाला बोलू. पण पोराला लग्नानंतर वेगळं राहायचंय, आणि आमच्याच शिवारात फ्लॅट घ्यायचा तर कर्ज काढावं लागतंय. बँकेतल्या पोरीनं विचारलं, "परमनंट अ‍ॅड्रेस काय?" म्हणलं, "हाच."

धागाकर्ता

यावर काय लिहावं सुचेना. पुढे चला.

नवी पेठ, कॉट बेसिसवाला

परभणी. एमपीएससी. एका खोलीत चार कॉट, माझी खिडकीजवळची म्हणून ३,८००, बाकीच्यांची ३,५००. अभ्यासिका १,३००, मेस ३,०००. वडील महिन्याला नऊ पाठवतात. त्यांची सोयाबीन कशी गेली ते मी विचारत नाही, ते माझा कटऑफ विचारत नाहीत.

चार वर्षांत कॉट हजारानं वाढली, खोली मात्र वाढली नाही. तरी एक सांगू? गावात मी ‘रिकामा पोरगा’ आहे. इथं हजारो तसेच आहेत, त्यामुळं रिकामं वाटत नाही. रात्री अकराला चहाच्या टपरीवर सगळे चालू घडामोडींवर भांडत असतात. ह्या शहरानं मला फुकट दिलेली तेवढी एकच गोष्ट. काका ते वरचे, ज्यांची पेन्शन १४ हजार आहे, त्यांना विचारायचं होतं, हॉल भाड्यानं देणार का?

सदाशिव पेठ, निवृत्त कारकून

हॉलमध्ये मी झोपतो.

सहकारनगर ते उंड्री (आईच्या वतीनं)

आई धुणंभांडी आणि पोळ्या करते. आम्ही पर्वतीला जनता वसाहतीत. पूर्वी आईची चारही घरं सहकारनगरात, डोंगर उतरला की काम. त्यातल्या दोन घरांनी जुने फ्लॅट रीडेव्हलपमेंटला दिले आणि उंड्रीला राहायला गेले. तिथल्या ताई म्हणाल्या, "मावशी तुमच्याशिवाय जमत नाही, दोन हजार वाढवून देते, तुम्ही या." आईला बरं वाटलं. मी वहीत हिशोब मांडला. जायला-यायला दोन बस, रोजचे अडीच तास. जून २०२५ ला बसचा महिन्याचा पास ९०० चा १,५०० झाला. दोन हजारांतले पाचशे उरले. अडीच तासांत आई इथे जवळ आणखी एक घर करू शकली असती, पण जवळच्या नव्या बिल्डिंगमध्ये आता भांडी घासायचं मशीन आहे आणि पोळ्या पाकिटातून येतात.

आईनं तरी तीन महिने जाऊन पाहिलं. सोडलं ते पैशासाठी नाही. तिथल्या टॉवरमध्ये कामवाल्या बायकांची लिफ्ट वेगळी आहे आणि ती बंद पडली तेव्हा दुसरीनं जाऊ देईनात. नऊ मजले. आई म्हणाली, "पर्वतीच्या पायऱ्या देवासाठी चढते, ह्या कुणासाठी चढू?"

मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझं पहिलं घर कुठे असेल, असं मैत्रिणी बोलतात तेव्हा मी मनातल्या मनात फक्त बसचा मार्ग शोधते.

सांगलीला जाऊन परत

करोनात वर्क फ्रॉम होम मिळालं, खराडीतला २६ हजारांचा फ्लॅट सोडून सांगलीला गेलो. तेवढ्याच पैशात अख्खं घर, अंगण, आईच्या हातचं. पहिले सहा महिने स्वर्ग. मग बायकोची नोकरी गेली आणि तिच्या क्षेत्रात तिथे दुसरी नव्हतीच. खराडीत ती एका महिन्यात दुसरीकडे लागली. परत आलो तेव्हा त्याच सोसायटीत, त्याच विंगमध्ये भाडं ३८ हजार. घरमालकानं हसून स्वागत केलं. हसणारच.

शहर महाग आहे खरं, पण दोघांनाही काम देणारं दुसरं ठिकाण आम्हाला सापडलं नाही. आमच्यासाठी विषय तिथे संपतो.

एक प्रतिक्रिया

बाहेरचे लोंढे आले म्हणून हे झालं, हे कुणीच लिहीत नाही, याचं आश्चर्य वाटतं.

गोखलेनगर, वय ७९

मी लिहिते. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, शनिवार पेठेत नदीकडच्या बाजूला घर. घर म्हणजे नंतर चिखल. पूरग्रस्तांना गोखलेनगरला जागा मिळाली. आजूबाजूला माळ, संध्याकाळी कोल्हेकुई. पेठेतल्या मैत्रिणीची आई म्हणाली, "आता तुम्ही काय पुण्यातल्या राहिलात?" वडील आयुष्यभर पत्ता सांगताना आधी ‘मूळचे शनिवार पेठेतले’ असं जोडायचे. तेव्हा लोंढा कोण ते जरा जपून ठरवा. मी पुण्यातच जन्मले आणि मला सहा वर्षं बाहेरची म्हणत होते.

आता माझ्या घरापासून सेनापती बापट रस्त्यावरचे काचेचे टॉवर दिसतात. नातू त्यातल्या एकात कामाला आहे आणि राहतो रावेतला. रविवारी जेवायला येतो, येऊन आधी एक तास झोपतो.

धागाकर्ता

आजी, आमच्या आत्याला दाखवायला हवा होता तुमचा प्रतिसाद. ती २००३ ला गेली. शेवटची दोन वर्षं कोथरूडला आमच्याकडेच होती आणि पेठेत आता राहवत नाही म्हणायची. गाड्यांचा आवाज फार, म्हणे.

परभणीकर, वाचताय ना? पुढच्या मेन्सपर्यंत स्वस्तात सोय हवी असेल तर बालेवाडीकरांना विचारा.

बालेवाडी, मूळ गावकरी

पुढल्या महिन्यात एक खोली रिकामी होतीये. दोघं राहिलात तर माणशी २,७००. पाणी दिवसाआड, अर्धा तास, पिंप भरून ठेवावं लागतं. पेठेत अभ्यासिकेला यायला बसनं तासभर धरा, पावसात दीड. आधीच सांगतोय, मागनं तक्रार नको.

नवी पेठ, कॉट बेसिसवाला

दीड तासात माझा पॉलिटीचा एक चॅप्टर होतो काका. बसमध्ये बसायला जागा मिळती का?

बालेवाडी, मूळ गावकरी

सकाळी सहाच्या बसला मिळती.