बॅड ॲपल, नासका आंबा आणि डोळ्यातली बाहुली

'जस्ट अ फ्यू बॅड ॲपल्स' हा वाक्प्रयोग इंग्रजी बातम्यांत सारखा दिसतो. इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात अमेरिकन सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाचे फोटो २००४ साली बाहेर आले तेव्हा अमेरिकेत हेच ऐकू आलं, आणि तिथल्या पोलिसांवर आरोप झाले की अजूनही ऐकू येतं. अर्थ काय, तर चारदोन जण वाईट निघाले, बाकी खातं स्वच्छ आहे.

गंमत अशी की मूळ म्हण नेमकं उलटं सांगते: एक सडकं सफरचंद अख्खं पिंप नासवतं. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरनेही सडकं फळ साठ्यातून वेळीच काढा, असंच म्हटलंय. पिकलेल्या फळातून इथिलीन वायू सुटतो, शेजारची फळं भराभर पिकतात आणि बुरशीला आयतं रान मिळतं. आपल्याकडे 'एक नासका आंबा आढी नासवतो' म्हणतात. आढी लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. 'नासके आंबे थोडेच आहेत' असं म्हणून कोणी हात झटकल्याचं मात्र मराठीत ऐकलेलं नाही!

'ॲपल ऑफ माय आय' (म्हणजे अगदी लाडकं माणूस) चं भाषांतर 'डोळ्यातलं सफरचंद' करू नका. जुन्या इंग्रजीत ॲपल म्हणजे कुठलंही फळ, शिवाय डोळ्यातला काळा गोलही. १६११ च्या बायबलमुळे हा प्रयोग घरोघरी गेला, पण तिथे मूळ हिब्रूत शब्द आहे 'डोळ्यातला छोटा माणूस'. समोरच्याच्या डोळ्यात आपली इवलीशी छबी दिसते, तो. लॅटिनमध्येही बाहुलीच, आणि आपण तर सरळ 'डोळ्यातली बाहुली' म्हणतो. लाडक्या नातवाबद्दल लिहायचं असेल तर 'गळ्यातला ताईत' चपखल बसतो.

'अपसेट द ॲपलकार्ट' मध्ये कोणाचा मूड जात नाही, बसलेली घडी विस्कटते. 'ॲपल पॉलिशर' म्हणजे लोणी लावणारा. मास्तरांना चकचकीत सफरचंद देणारी अमेरिकन पोरं त्यामागे आहेत. 'ॲपल्स अँड ऑरेंजेस' हा विजोड तुलनेसाठी; पूर्वी या जोडीत संत्र्याच्या जागी कालव (शिंपल्यातला जीव) होतं, शेक्सपिअरकडेही तेच. मला तरी ते जास्त पटतं. सफरचंद आणि संत्रं, दोन्ही फळंच की!

'ॲन ॲपल अ डे' (रोज एक सफरचंद खा, डॉक्टर लांब राहतो) चं १८६६ साली छापलेलं वेल्समधलं रूप जरा खवचट आहे: झोपताना सफरचंद खा, म्हणजे डॉक्टरला भाकरी कमावता येणार नाही.