मदत हवी आहे: एसीच्या जाळीमागची छोटी फिल्टर पट्टी धुवायची की बदलायची?

घोडबंदर रोडला राहतो, नवव्या मजल्यावर, खिडकीखाली रस्ता आणि मेट्रोचं काम, त्यामुळे धूळ किती ते सांगायला नको, सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. बेडरूममध्ये दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट आहे, चार वर्षं झाली. मोठ्या दोन जाळ्या दर पंधरा दिवसांनी काढून नळाखाली मागच्या बाजूने पाणी सोडून धुतो, सावलीत वाळवतो, मगच बसवतो. तरी गेले तीन आठवडे हवा कमी येतेय आणि चालू केला की पहिली पाच मिनिटं ओल्या गोणपाटासारखा वास.

जाळीच्या मागे बोटभर रुंदीची एक काळी पट्टी क्लिपमध्ये अडकवलेली आहे, ती आजवर कधीच काढली नव्हती (माझीच चूक, मॅन्युअल हरवलंय). परवा काढली तर राखाडी झालेली, झटकली तर आईला शिंकाच शिंका, तिला दमा आहे. पट्टी काढून एसी चालवून बघितला, हवा किंचित वाढली पण वास तसाच. ड्रेन पाइप चेक केला, पाणी नीट बाहेर पडतंय, आत गळत नाही. सर्व्हिसवाला म्हणतो गॅस कमी झालाय, भरावा लागेल, पण त्याने गॅसचा दाब मोजायचा गेज लावलाच नाही, आणि कूलिंग तर होतंय, हवाच कमी आहे, म्हणून पटत नाही.

ही काळी पट्टी धुता येते का नवीनच घ्यावी लागते, आणि वास कॉइल (हवा थंड करणाऱ्या नळ्या) आणि ब्लोअरमध्ये (आतल्या पंख्यात) साचलेल्या घाणीचा असेल तर साध्या पाण्याची जेट सर्व्हिस पुरेल का? केमिकल स्प्रे आईमुळे नको आहे.