वजन जाणवतं ते गाडी थांबल्यावर

भाऊ, साठीनंतर जड मोटरसायकल विकून टाकावी का, असं तुम्ही विचारलंत. मी चौसष्टचा, धुळ्याचा, रॉयल एनफिल्डची मीटिअर ३५० चालवतो. वजन १९१ किलो, पण सीट ७६५ मिलिमीटरवर असल्याने माझ्या दोन्ही टाचा टेकतात. चालत्या गाडीचं ओझं वाटत नाही. ते कळतं उतारावर, खडीत, गाडी मागे ढकलताना. मागच्या हिवाळ्यात तोरणमाळच्या घाटात वळणावर थांबलो, पाय खडीवरून सरकला आणि गाडी आडवी. दोन पोरांनी धावत येऊन उचलून दिली. तेव्हापासून उताराकडे तोंड करून गाडी लावतच नाही. चढाकडे तोंड, पहिला गिअर टाकून. निघताना न्यूट्रल केली की आपसूक मागे येते.

दुसरं म्हणजे टायर, आणि हे फार कळकळीने सांगतो. आपलं फिरणं कमी, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. टायरच्या कडेला डॉट (DOT) या इंग्रजी अक्षरांपुढे शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर नक्षी बघून ठेवू नका, बदला. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर येते, तिथे असा टायर क्षणात घसरतो.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. मे महिन्यात पहाटे पाचला निघा, दहाच्या आत सावली गाठा.

गाडी विकायचं नंतर बघू. आधी ती रिकामी करून अंगणात एकट्याने मागे-पुढे ढकलून बघा, आणि काय झालं ते इथे कळवा.