आत्मसन्मान: आरशासमोरची वाक्यं का टिकत नाहीत?

शंकेखोर:
रोज सकाळी आरशासमोर 'मी सक्षम आहे, मी उत्तम आहे' म्हणा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. पण कामात कुणी एक चूक दाखवली की ही वाक्यं दुपारपर्यंतही पुरत नाहीत. मग रोजच्या व्यवहारात नेमकं करायचं काय? आणि आत्मसन्मान वाढतोय की नुसता ताठा येतोय, हे कसं ओळखायचं?

टिपणवही:
ज्याला ते वाक्य आधीच पटलेलं असतं, त्यालाच ते लागू पडतं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका प्रयोगात मुळात आत्मसन्मान कमी असलेल्यांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' हे वाक्य घोकायला लावलं, तर त्यांचा मूड उलट उतरला. मोठा दावा केला की मन लगेच त्याविरुद्धचे पुरावे काढायला बसतं.

त्यापेक्षा रात्री पाच मिनिटं आणि तीन ओळी पुरतात. ओळीत विशेषण नको, क्रियापद हवं. 'मी मेहनती आहे' हे बाद. 'पाठवण्याआधी बेरीज पुन्हा तपासली' हे चालेल. आठ-दहा दिवसांत 'ह्यात काय विशेष, कुणीही करेल' असं वाटू लागतं आणि वही बंद पडते. तेव्हा स्वतःला विचारा: हेच सहकाऱ्याने केलं असतं तर असंच म्हटलं असतं का?

उभाआडवा:
वही ठीक, पण ती कर्तबगारीची खातेवही झाली तर पंचाईत. ज्या दिवशी काही जमलं नाही त्या दिवशी शिल्लक शून्य! म्हणून तीनपैकी एक ओळ कामगिरीबाहेरची ठेवा: वेळेवर झोपलो, नको त्या वादातून उठून आलो, वगैरे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1890 मध्येच सूत्र मांडलं होतं, आत्मसन्मान म्हणजे यश भागिले अपेक्षा. सगळे वरचा आकडा वाढवायला धावतात, खालच्याकडे कुणी बघत नाही.

आता चूक दाखवली जाते त्या क्षणाबद्दल, कारण खरी गळती तिथेच आहे. 'तारीख चुकली' याचं दोन सेकंदांत 'मीच धांदरट' होतं. कृतीचा शेरा माणसावर बसतो. हे उलटं फिरवायचं तर कागदावर दोनच वाक्यं लिहा. काय चुकलं: 'तारीख निरोपातून लगेच टिपून ठेवली नाही.' पुढच्या वेळी काय: 'निरोप वाचतानाच कॅलेंडरमध्ये टाकायची.' 'धांदरटपणा' दुरुस्त करता येत नाही, टिपण्याची सवय करता येते. माफी एकदाच मागा, आणि तीही त्या कृतीची. पाच वेळा मागितली की समोरच्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं.

नकार देतानाही तेच. 'या आठवड्यात जमणार नाही, सोमवारनंतर बघतो' आणि गप्प. तीन कारणं दिली की समोरचा एकेक खोडून काढतो आणि शेवटी होकार द्यावाच लागतो.

मोजपट्टी:
आत्मसन्मान मोजायचा असेल तर समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्गची 1965 ची प्रश्नावली आहे: 10 विधानं, प्रत्येकी चार पर्याय. त्यातली पाच विधानं नकारार्थी आहेत, त्यांचे गुण उलटे धरायचे. घरी भरताना घोळ तिथेच होतो. दुसरा घोळ म्हणजे काही ठिकाणी बेरीज 0 ते 30 असते, काही ठिकाणी 10 ते 40. पद्धत न बघता आकडे ताडून बघू नका.

ताठ्याचं म्हणाल, तर दुसऱ्याचं कौतुक चालू असताना स्वतःकडे लक्ष द्या. ताठा असलेल्याला तिथे 'पण' जोडल्याशिवाय राहवत नाही. शिवाय एका दिवसाच्या पातळीपेक्षा चढउतार बघा. शाबासकीने गगनात आणि एका टोमण्याने पाताळात जाणारा आत्मसन्मान, गुण कितीही चांगले दिसोत, कच्चाच.

आणि दोन आठवडे सलग मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वही-प्रश्नावली बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा. नैराश्यात आपण कुचकामी आहोत असं वाटणं हे आजाराचंच लक्षण असू शकतं.

शंकेखोर:
कामगिरीबाहेरची ओळ रोज सुचली नाही तर?

उभाआडवा:
कालचीच परत लिहा. नवीन असायलाच हवी असा नियम केलात की ती पुन्हा कामगिरी झाली.