‘ब्राऊन स्टडी’ला मराठीत काय म्हणाल?

आमच्या वाचनगटासाठी शेरलॉक होम्सची ‘द कार्डबोर्ड बॉक्स’ (१८९३) मराठीत करून बघतेय. सुरुवातीलाच वॉटसन पेपर बाजूला टाकतो, खुर्चीत मागे रेलतो आणि ‘ब्राऊन स्टडी’त जातो. मी बेधडक ‘तपकिरी अभ्यासिकेत जाऊन बसला’ असं लिहून मोकळी झाले. पुढे वाचते तर हा बाबा खुर्चीतून हललेलाच नाही!

– अभ्यासिका! डोळ्यांपुढे सदाशिव पेठेतली एमपीएससीवाली पोरं आली. अहो, हा सोळाव्या शतकापासूनचा वाक्प्रचार आहे, आता इंग्रजीतही जुनाट वाटतो. यात खोली नाही आणि अभ्यासही नाही. ‘स्टडी’ म्हणजे इथे विचारात गढलेली अवस्था, आणि ‘ब्राऊन’चा जुना अर्थ काळपट, त्यावरून उदास. (‘अ स्टडी इन स्कार्लेट’मधली ‘स्टडी’ आणखी वेगळी, ती चित्रकारांची.) सरळ ‘तंद्री लागली’ लिहा.

– तंद्री जवळची आहे, पण तिला रंग नाही. गाणं ऐकतानाही तंद्री लागते, आणि ती सुखाची असते. संस्कृतात तर तंद्रा म्हणजे झापड, ग्लानी. मराठीत येता येता ती जागी झाली. ‘ब्रह्मानंदी टाळी’ तर इथे चालणारच नाही, त्यात आनंदच आहे. ‘मनात मांडे खाणे’ही नको, वॉटसन काही बेत रचत बसलेला नाही.

– पण तो उदास आहे का, हे आधी बघायला हवं ना? तोच प्रसंग पुढे वाचा. त्याची नजर ब्रिटिश सेनानी जनरल गॉर्डनच्या नव्या चौकटीतल्या चित्रावर जाते, तिथून अमेरिकी धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचरच्या बिनचौकटीच्या चित्रावर. मग अमेरिकेतलं यादवी युद्ध आठवतं, चेहरा उतरतो, हात नकळत स्वतःच्या जुन्या जखमेकडे जातो. होम्स हे सगळं चेहऱ्यावरून वाचतो आणि मध्येच म्हणतो, बरोबर आहे तुझं, भांडण मिटवायची ही रीत अगदीच मूर्खपणाची. म्हणजे सुरुवातीला नुसती तंद्री, काळपटपणा नंतर चढत जातो.

– मग पहिल्याच वाक्यात ‘खिन्न’ घातलं तर होम्सची मजा गेली. तो ओळखणार काय, आपणच आधी सांगून टाकलं तर?

– पटलं. शिवाय ‘तंद्रीत पडलो’ नको, तंद्री आपल्याला लागते, भूक, झोप, समाधी लागते तशी. आता असं केलंय: ‘पेपरात काही राम नव्हता. तो भिरकावला, खुर्चीत मागे रेललो आणि बसल्या बसल्या माझी तंद्री लागली.’ उदासी जखमेवर हात जाईल तेव्हा येऊ दे.

– ‘भिरकावला’ जरा जास्त होतंय. पेपराला कंटाळलेला माणूस आहे तो, ‘टाकून दिला’ करा.